केळ्याचा ब्रेड, सीमाभागातील

केळ्याचा ब्रेड : अतिपक्व केळ्यांचा गर, गव्हाचे पीठ, गूळ किंवा साखर व स्निग्ध पदार्थ यांच्या मिश्रणात खाण्याचा सोडा आणि अक्रोड, काजू अथवा शेंगदाण्यांचे तुकडे घालून भाजलेला गोड पदार्थ. यात यीस्ट नसते आणि पीठ मळून आंबवले जात नाही; म्हणून पावापेक्षा तो केकच्या जातकुळीतला ठरतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या कर्नाटकातील सीमाभागाच्या मराठी घरांत त्याला सरसकट ‘केळ्याचा केक’ म्हणतात. पदार्थ मूळचा अमेरिकन असला, तरी स्थानिक केळी, गूळ, दही आणि खपली गहू यांमुळे येथे त्याला वेगळी चव व पोत आला आहे आणि त्याची स्वतंत्र दखल घेणे योग्य ठरते.

उगम : याविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार अठराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत पर्लॅश (लाकडाच्या राखेपासून मिळवलेले शुद्ध केलेले पोटॅशियम कार्बोनेट) स्वयंपाकात आले, तेव्हाच गृहिणींनी केळी घालून असा ब्रेड केला असावा. पर्लॅशचा वापर निर्विवाद आहे. पोटॅश व पर्लॅश तयार करण्याच्या सुधारित पद्धतीला १७९० मध्ये अमेरिकेचे पहिले पेटंट मिळाले आणि १७९६ मध्ये तेथे छापलेल्या एका पाकपुस्तकात पीठ हलके करण्यासाठी ते वापरायला सांगितले आहे. अडचण केळ्यांची आहे. अमेरिकेच्या बाजारात केळे सर्रास मिळू लागले ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थकात, आगबोटींची वाहतूक वाढल्यावर. केळ्यांच्या व्यापारातील सर्वांत मोठी कंपनी १८९९ मध्ये स्थापन झाली. त्यामुळे अठराव्या शतकाचे मत ग्राह्य धरणे कठीण आहे. वाळवलेल्या कच्च्या केळ्यांच्या पिठाचा पाव ही निराळी गोष्ट असून जुन्या उल्लेखांचा विचार करताना दोहोंत गल्लत होऊ देऊ नये.

दुसरे, अधिक प्रचलित मत १९२९ नंतरच्या महामंदीशी जोडलेले आहे : काळी पडलेली केळी फेकवेनात, म्हणून ती पिठात कालवली गेली. तिसऱ्या मतानुसार श्रेय पीठ, सोडा व बेकिंग पावडर विकणाऱ्या कंपन्यांच्या पाककृती-पुस्तिकांना जाते. इंग्लंडमध्ये आल्फ्रेड बर्ड याने १८४३ मध्ये बेकिंग पावडर बनवली होती, अमेरिकेत १८४६ पासून खाण्याच्या सोड्याचे व्यापारी उत्पादन होत होते आणि विसाव्या शतकाच्या आरंभी दोन्ही वस्तू स्वस्त झाल्या होत्या. आजच्या स्वरूपातील कृती १९३३ च्या सुमारास अशा पुस्तिकांत ठळकपणे दिसू लागते. दोन्ही कारणे एकमेकांना पूरक असली, तरी छापील पुरावा तिसऱ्या मताकडे अधिक झुकतो. काटकसर कुठल्याही काळी होतीच. हाताशी स्वस्त सोडा असणे ही नवी गोष्ट होती.

पिकलेले केळे व पीठ एकत्र करणे भारतातही जुनेच. सत्यनारायणाच्या प्रसादाच्या शिऱ्यात केळे असते. दक्षिण कर्नाटक किनाऱ्यावरील मंगळूर बन्समध्ये केळे, दही, सोडा व मैदा एकत्र येतात, फक्त ते तळले जातात. कोकणात काकडी, रवा व गुळाचे धोंडस वर-खाली निखारे ठेवून भाजतात. या पदार्थांना केळ्याच्या ब्रेडचे पूर्वज म्हणण्याचा मोह टाळावा. मात्र त्यांच्यामुळे ही चव येथे परकी वाटली नाही, असे म्हणता येते.

फुगण्याची क्रिया : पदार्थाचे यश सोडा व आम्ल यांच्या मेळावर अवलंबून असते. सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. पुरेसे आम्ल मिळाल्यास १ ग्रॅम सोड्यातून सुमारे ०·५२ ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड सुटतो; आम्ल नसताना केवळ उष्णतेने विघटन झाल्यास त्याच्या निम्माच, आणि मागे सोडियम कार्बोनेट उरते. साबणासारखी चव येते ती या अवशेषामुळे. केळ्यातील मॅलिक व सायट्रिक आम्ले सौम्य असल्याने ती सगळ्या सोड्याला पुरत नाहीत. अंडी न घालता दही घातले की ही उणीव भरून निघते. सीमाभागात जैन व लिंगायत वस्ती मोठी असून मराठी घरांतही श्रावणात अंडे वर्ज्य असते. दही अशा रीतीने परिस्थितीने आले, पण रसायनाच्या दृष्टीने ते अंड्याहून सोयीचे ठरले. आंबट दह्यात सोडा घालताच फेस वर चढतो. त्याच क्षणी ते पिठात मिसळून भांडे आचेवर चढवावे लागते. मिश्रण अर्धा तास तसेच ठेवल्यास वायू निघून जातो आणि ब्रेड गच्च होतो. थोडासा सोडा शिल्लक राहिल्यास मिश्रण किंचित अल्कधर्मी होऊन वरचा पापुद्रा गडद तांबूस होतो, हे इष्टच. गुळामुळे हा रंग आणखी खुलतो.

उंचीचाही प्रश्न काही वेळा विचारला जातो. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर असून तेथे पाणी साधारण ९७·५° से. ला उकळते. भाजण्याच्या कृतीत सोडा कमी करण्याची शिफारस सामान्यतः ९०० मीटरच्या वर केली जाते. त्यामुळे येथे प्रमाण बदलण्याची गरज नाही.

साहित्य : हिरव्या केळ्याच्या गरात २० ते २५ टक्के स्टार्च असतो, पूर्ण पिकल्यावर तो एक-दोन टक्क्यांवर येऊन त्याची साखर होते. सालीवर काळे ठिपके दाटले, देठ मऊ पडला आणि गर काट्याने सहज चेचला गेला की केळे योग्य झाले. फ्रिजमध्ये ठेवल्याने काळी पडलेली साल हे पक्वतेचे लक्षण नव्हे. थंडीने साल काळवंडते, आत केळे कच्चट राहू शकते. बाजारात टिश्यूकल्चर (प्रयोगशाळेत ऊतींपासून वाढवलेल्या) रोपांची ‘जी-नाइन’ ही केळ्याची जात सर्वत्र मिळते. जवारी (गावठी) केळ्यांपैकी राजापुरी सुवासाला सरस, तर वेलची गराला घट्ट व किंचित आंबूस. वेलची केळी आकाराने लहान असल्याने संख्या न पाहता गर मोजावा : २०० ग्रॅम पिठाला ३०० ग्रॅम गर. बाकीचे प्रमाण १२० ग्रॅम चिरलेला गूळ, ८० मिलि. पातळ केलेले लोणी किंवा तेल, अर्धी वाटी दही, पाऊण चहाचा चमचा सोडा, चिमूटभर मीठ व ६० ग्रॅम सुका मेवा असे ठेवतात. वेलदोडा-जायफळ घालण्याची प्रथा कुंदा (दुधाची मिठाई) व करदंट (डिंक, गूळ व सुक्या मेव्याची मिठाई) यांच्या या मुलुखाला साजेशी आहे.

पिठाबाबत सीमाभागाला एक खास लाभ आहे. कृष्णाकाठच्या पट्ट्यात खपली गहू पिकतो, तो खिरीसाठी प्रसिद्ध. त्याचे ग्लुटेन (पिठाला चिकटपणा व ताण देणारे प्रथिन) दुर्बल असल्याने पावाला तो गैरसोयीचा. पण येथे ग्लुटेन बळकट न होणेच हवे असते. मैद्याचे मिश्रण जास्त घोटल्यास ब्रेड चिवट होऊन आत लांबट बोगदे पडतात. खपलीच्या पिठाला ती भीती कमी. निम्मे खपली व निम्मा मैदा घेतल्यास ब्रेड भुसभुशीत व खमंग होतो, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते हीच या भागाची सर्वोत्तम देणगी आहे. अक्रोड काश्मीरचा, महाग. त्याच्या जागी शेजारच्या चंदगडचा काजू किंवा भाजून सोललेले शेंगदाणे वापरतात. शेंगदाणे अर्धवट कुटून, चमचाभर कोरड्या पिठात घोळवून शेवटी घातले म्हणजे तळाशी बसत नाहीत.

भाजणे : ओव्हनमध्ये १७५ ते १८०° से. तापमानाला ५० ते ६० मिनिटे लागतात. ओव्हन नसलेल्या घरी कुकरच्या तळाशी मीठ किंवा वाळूचा थर, त्यावर जाळी व तूप लावून पीठ भुरभुरलेला डबा ठेवतात. झाकणाची रिंग व शिट्टी काढून टाकणे अनिवार्य आहे. कुकरमध्ये पाणी घालत नाहीत. आधी दहा मिनिटे तापवून मग मंद आचेवर पाऊण तास ते तासभर. मध्यभागी खुपसलेली सुरी ओला गर न चिकटता बाहेर यावी. कुकरमध्ये वरून उष्णता कमी मिळाल्याने माथा फिका राहतो, तो दोष नव्हे. ओव्हनमध्ये वरचा पापुद्रा आधी घट्ट होतो व आतले मिश्रण नंतर फुगते, म्हणून माथ्यावर लांब भेग पडते. ब्रेड पूर्ण निवल्यावरच कापावा; गरम असताना आतील ओल स्थिरावलेली नसते आणि काप चुरतात.

प्रसार : बेळगावचा किल्ला १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला व पुढे तेथे कॅम्प (लष्करी छावणी) वसला, त्याबरोबर पाव-बिस्किटांची भट्टी आली. खानापूरच्या वाटेने गोव्याच्या पोदेरांची (पाववाल्यांची), तर दक्षिणेकडून हासन भागातील अय्यंगार बेकऱ्यांची बिनअंड्याची परंपरा येऊन मिळाली. दिवाळीला नानकटाईचे पीठ डब्यातून बेकरीत नेऊन भाजून आणण्याचा परिपाठ अनेक घरांना परिचित आहे. घरगुती केळ्याचा ब्रेड मात्र मुख्यतः गॅस, कुकर व छोटे विजेचे ओव्हन घरोघरी पोचल्यावर रुळला असावा. २०२० च्या टाळेबंदीत जगभर त्याची लाट आली, तिचा परिणाम येथेही दिसला. गौरी-गणपती किंवा पूजेनंतर घडातील केळी एकदम पिकतात, तेव्हा तो हमखास होतो.

केळ्यात सुमारे ७५ टक्के पाणी असल्याने हा ब्रेड लवकर बुरसतो. उन्हाळ्यात किंवा हिवाळ्यात तो तीन दिवस टिकतो. खानापूरकडच्या पावसाळी हवेत दुसऱ्या दिवशीच संपवावा किंवा काप करून फ्रिजमध्ये ठेवावा. शिळे काप तव्यावर लोण्यात परतून चहाबरोबर खातात.