जेरी राईस: विटांच्या गोष्टीच्या मागची गोष्ट

२२,८९५. जेरी राईसने एनएफएलमध्ये (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) पास झेलून काढलेले एकूण यार्ड. दुसऱ्या नंबरवर लॅरी फिट्झगेराल्ड, १७,४९२ वर अडकलाय, आणि तो काय दोन-चार वर्षं खेळून घरी बसलेला माणूस नाही, चांगले १७ सीझन खेळला. मधलं अंतर पाच हजार चारशेच्या वर आहे, आणि सीझनला हजार यार्ड काढणारा रिसीव्हर चांगला धरतात, म्हणजे फिट्झगेराल्डने अजून पाच चांगली वर्षं काढली असती तरी गाडी मागेच.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, वाइड रिसीव्हर म्हणजे मैदानाच्या कडेला उभा राहणारा गडी, ठरलेल्या वाटेने (तिला रूट म्हणतात) पळायचं, समोरच्या कॉर्नरबॅकला गंडवायचं, क्वार्टरबॅकने फेकलेला बॉल झेलायचा आणि कोणी पाडेपर्यंत पळत सुटायचं. बस.

राईसबद्दल सगळीकडे एकच गोष्ट ऐकायला मिळते, विटांची. मिसिसिपीतलं क्रॉफर्ड नावाचं बारकं गाव, वडील जो नेथन राईस गवंडी, उन्हाळ्यात पोरं बापाच्या हाताखाली कामाला, हा वर परांचीवर उभा आणि भाऊ खालून विटा फेकायचे, हा झेलायचा, म्हणून म्हणे त्याचे हात तसे झाले. गोष्ट खरी आहे, तो स्वतःच सांगतो. पण मला कायम वाटतं की या गोष्टीने बाकीचं सगळं झाकून टाकलंय. गवंड्याची पोरं जगभर विटा झेलतात हो, त्यातला एकही २२,८९५ यार्ड काढत नाही.

म्हणून जरा मागे जाऊ. त्याचा जन्म १३ ऑक्टोबर १९६२, स्टार्कव्हिल, मिसिसिपी. त्याच्या दोनच आठवडे आधी त्याच राज्यातल्या मिसिसिपी युनिव्हर्सिटीत जेम्स मेरेडिथ नावाचा पहिला काळा विद्यार्थी प्रवेश घ्यायला आला म्हणून दंगल पेटली होती, केनेडींना सैन्य पाठवावं लागलं. तर असं ते राज्य आणि असा तो काळ. शाळेत हा फुटबॉलमध्ये आला तोही अपघाताने. एके दिवशी दांडी मारून फिरत होता, मागून उपमुख्याध्यापकांनी हटकलं, हा जो सुसाट पळाला तो त्यांच्या लक्षात राहिला, दुसऱ्या दिवशी छड्या खाव्या लागल्या आणि वर फुटबॉलच्या कोचकडे नावही गेलं. स्टार्कव्हिलमध्येच मिसिसिपी स्टेट ही मोठी युनिव्हर्सिटी आहे, घरापासून फार लांब नाही, पण तिने काही त्याला स्कॉलरशिप दिली नाही. तो गेला इट्टा बेनाला, मिसिसिपी व्हॅली स्टेटमध्ये, हे पूर्वापार काळ्या विद्यार्थ्यांचं छोटं कॉलेज.

आणि माझ्या मते खरी सुरुवात इथे आहे. तिथला कोच आर्ची कूली म्हणजे एक अवलिया. ज्या काळात कॉलेज टीम्स बॉल पोटाशी धरून रेटत पुढे जायच्या त्या काळात हा बाबा चार-पाच रिसीव्हर पसरवून उभे करायचा, कधी एकाच बाजूला रांगेत, हडल (प्रत्येक डावाआधी घोळका करून ठरवणं) नाही काही नाही, क्वार्टरबॅक विली टॉटन लाइनवर उभा राहून तिथल्या तिथे प्ले ठरवायचा आणि फेकायचा. नुसता फेकायचा. १९८४ च्या सीझनमध्ये या टीमची सरासरी मॅचमागे ६० पॉइंटच्या आसपास होती, एकट्या राईसचे २७ टचडाऊन (बॉल एंड झोनमध्ये, म्हणजे समोरच्यांच्या बाजूच्या शेवटच्या पट्ट्यात, नेणं). पोरं त्याला 'वर्ल्ड' म्हणायची, कारण जगात असा बॉल नाही जो हा पकडू शकत नाही. म्हणजे प्रो होण्याआधीच चार वर्षांत त्याने इतके पास झेलले होते की मोठ्या कॉलेजातल्या रिसीव्हर पोरांना तेवढे कोणी दिलेच नसते. मिसिसिपी स्टेटने नाकारलं ते बरंच झालं म्हणायचं.

तरी एनएफएलवाले साशंक होते. छोटं कॉलेज, कमकुवत प्रतिस्पर्धी, आणि घड्याळावर ४० यार्ड पळायची वेळ काही डोळे दिपवणारी नव्हती. इथे बिल वॉल्श येतात. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचे कोच, ऑक्टोबर १९८४ मध्ये मॅचसाठी ह्यूस्टनला हॉटेलात उतरलेले, रात्री टीव्हीवर कॉलेज मॅचची क्षणचित्रं बघताना त्यांना हा पोरगा दिसला आणि डोक्यात बसला. त्या सीझनला फोर्टीनाइनर्स चँपियन झाले, त्यामुळे १९८५ च्या ड्राफ्टमध्ये (टीम्स आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) त्यांचा नंबर सगळ्यात शेवटी, २८ वा. वॉल्शनी पहिल्या तिन्ही फेऱ्यांतले आपले पिक (निवडीचे हक्क) न्यू इंग्लंड पेट्रियट्सना देऊन टाकले आणि १६ वा नंबर (वर तिसऱ्या फेरीतला एक) घेतला. त्याच्या आधी दोन रिसीव्हर गेले होते, अल टून आणि एडी ब्राऊन. दोघंही चांगले खेळले, पण आज त्यांची नावं याच वाक्यात येतात, बिचारे.

आता नियमांचं सांगायला हवं, कारण त्याशिवाय वॉल्श कळत नाहीत. १९७८ पर्यंत कॉर्नरबॅक रिसीव्हरला वाटेत कुठेही ढकलू-धक्काबुक्की करू शकायचा. पिट्सबर्गचा मेल ब्लाउंट यात इतका तरबेज होता की १९७८ मध्ये आलेल्या नियमाला लोक त्याचंच नाव देतात: पहिल्या पाच यार्डांपलीकडे हात लावायचा नाही. झालं, मैदान मोकळं झालं. वॉल्शनी सिनसिनाटीत असिस्टंट असताना एका कमी ताकदीच्या हाताच्या क्वार्टरबॅकसाठी छोट्या, वेळेवर बेतलेल्या पासची पद्धत बसवली होती, ती या नियमानंतर अक्षरशः सोनं ठरली.

त्या पद्धतीतला स्लँट नावाचा रूट एकदा नीट बघा. राईस कडेला उभा. बॉल निघाला की तीन पावलं सरळ, बाहेरचा पाय रोवला आणि तिरका आत. तिकडे क्वार्टरबॅक जो मोन्टाना तीन पावलं मागे सरकतो आणि बॉल सोडतो, राईस अजून पुरता वळलेलाही नसतो तेव्हा. बॉल येतो तो छातीच्या जरा पुढे, अशा बेताने की पाऊल तोडावं लागत नाही, कॉर्नरबॅकचा हात पाठीवर टेकेपर्यंत हा निसटलेला. सहा यार्डाचा पास, आणि पुढचे पन्नास यार्ड पायांचे. घड्याळावर जो फास्ट नव्हता त्याला मागून येऊन कोणी पकडल्याचं फारसं आठवत नाही. पॅड घालून, बॉल हातात घेऊन पळण्याचा वेग वेगळा असतो, तो स्टॉपवॉचला दिसत नाही.

सुरुवात मात्र खराब होती. १९८५ च्या सीझनमध्ये हातातले सोपे बॉल सोडायचा, कँडलस्टिक पार्कवर घरचेच प्रेक्षक हुर्यो उडवायचे. मग डिसेंबरमध्ये रॅम्सविरुद्ध सोमवारच्या रात्री २४१ यार्ड काढले आणि आवाज बंद. पुढच्या सीझनच्या प्लेऑफमध्ये (बाद फेरीत), जानेवारी १९८७, न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध एकटा एंड झोनकडे पळत सुटलाय, अंगाला कोणाचा हात नाही आणि बॉल आपोआप निसटला! ती मॅच ४९-३ ने गेली. पुढच्या सीझनला संपामुळे त्याला १२ च मॅचेस मिळाल्या, त्यात पकडलेले टचडाऊन २२. हा रेकॉर्ड २००७ मध्ये रँडी मॉसने मोडला, २३ करून, पण त्याला १६ मॅचेस लागल्या.

सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, तीन जिंकले. त्यातला जानेवारी १९८९ चा मायामीतला सगळ्यात भारी, समोर सिनसिनाटी, म्हणजे जिथे वॉल्शनी ती पद्धत शोधली तीच टीम, आणि कोच सॅम वाइश, वॉल्शचाच जुना असिस्टंट. तीन मिनिटं दहा सेकंद बाकी, स्वतःच्या ८ यार्ड लाइनवर, तीन पॉइंट मागे. मोन्टाना ९२ यार्ड चालत गेला, त्यात राईसचे तीन कॅच, शेवटचा टचडाऊन मात्र जॉन टेलरला, कारण सगळ्यांची नजर राईसवर. २०-१६. राईसचे ११ कॅच, २१५ यार्ड, एमव्हीपी, म्हणजे सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू, तोच.

बाकी १९९४ मध्ये जिम ब्राऊनचा १२६ टचडाऊनचा रेकॉर्ड मोडला, १९९५ मध्ये १,८४८ यार्ड, वगैरे वगैरे, आकडे कुठेही मिळतील.

मला भावते ती टेकडी. इथे बे एरियात सॅन कार्लोसला एजवूड पार्क आहे, अडीच मैलांची चढाची पायवाट, राईस आणि त्याच्याच टीममधला रॉजर क्रेग सीझन नसताना तिथे पळायचे. आम्ही मंडळातली चार-पाच जणं रविवारी तिथे चालायला जातो, आमच्यातला एक लहानपणापासून सिंहगड करणारा पुणेकर, तोही मधल्या चढाला गप्प होतो, आणि हा माणूस ते पळत करायचा, वर्षानुवर्षं. १९९७ मध्ये पहिल्याच मॅचला गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, पस्तिशीच्या उंबरठ्यावर, साडेतीन महिन्यांत परत आला, टचडाऊन केला आणि त्याच मॅचला त्याच पायाची वाटी तडकली. घाई केली हे उघड आहे. तरी चाळिशीत, २००२ मध्ये, ऑकलंड रेडर्सकडून १,२११ यार्ड आणि पुन्हा सुपर बोल, तो मात्र हरला.

एक डागही सांगून टाकतो. २०१५ मध्ये कळलं की तो ग्लोव्हजना स्टिकम लावायचा, म्हणजे चिकट द्रव्य, ज्यावर १९८१ पासून बंदी आहे. त्याचं म्हणणं सगळेच लावायचे, काही जुन्या खेळाडूंनी ते साफ नाकारलं. माझ्या मते चूक ती चूक, पण स्टिकमने बॉल हाताला चिकटेल, कॉर्नरबॅकच्या पुढे पाच यार्ड नेऊन सोडणार नाही.

२००४ मध्ये लागोपाठ २७४ मॅचेसमध्ये निदान एक कॅच ही मालिका तुटली, मग सिएटलच्या टीमकडून खेळला, मग २००५ मध्ये डेन्व्हरच्या कँपमध्ये कळलं की आपण पहिल्या तिघांत नाही, तेव्हा थांबला. २००६ मध्ये फोर्टीनाइनर्सने त्यांच्याच जर्सीत निवृत्त व्हावं म्हणून नावापुरतं काँट्रॅक्ट केलं, रक्कम १९,८५,८०६.४९ डॉलर. १९८५ म्हणजे ड्राफ्टचं साल, ८० त्याचा नंबर, ०६ निवृत्तीचं साल आणि ४९ टीमचे. यातला एक सेंटही त्याला मिळाला नाही.