भूकंपाआधी घरात काय पक्कं करून घ्यावं
(नाशिकच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

भूकंपरोधक बांधकामासाठीच्या भारतीय मानकाच्या (आयएस क्रमांक १८९३) २०१६ च्या आवृत्तीनुसार नाशिक तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या भूकंप क्षेत्रात येतं. "आपल्याखाली काळा पाषाण आहे, इथे काही होत नाही," असं ग्राहक वरचेवर म्हणतात. किल्लारीही त्याच दख्खनच्या पाषाणावर आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तिथे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि मातीची जड छपरं झोपलेल्यांवर कोसळली.

कपाटं, शेल्फ
सुरुवात इथून करा. खर्च किरकोळ आहे. छातीपेक्षा उंच प्रत्येक कपाट वरच्या बाजूला दोन एल-अँगलने (काटकोनात वाकवलेल्या लोखंडी पट्ट्यांनी) भिंतीला जखडावं. चूक होते ती स्क्रूच्या लांबीत. प्लास्टरच १२ ते १५ मिमी जाड असतं, त्यामुळे ३५ मिमीच्या स्क्रूची बरीचशी पकड प्लास्टरातच जाते आणि पहिल्याच हिसक्याला गुट्टीसकट (भोकात ठोकलेल्या प्लास्टिकच्या खुंटीसकट) तो बाहेर येतो. विटेच्या भिंतीत किमान ५० मिमी विटेत जायला हवा. पांढऱ्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीत (नव्या स्कीममध्ये बहुधा हेच ब्लॉक असतात) साधी गुट्टी चालत नाही. त्या ब्लॉकसाठीची लांब नायलॉन गुट्टी घ्या आणि ड्रिलचा हॅमर बंद ठेवून भोक पाडा, नाहीतर आतला ब्लॉक भुगा होतो. लोखंडी कपाटाचा पत्रा पातळ असतो, म्हणून आतून पट्टी किंवा मोठा वॉशर लावावा. माळ्यावरचे पितळी हंडे, घंगाळं खाली आणा. पलंगाच्या डोक्याशी जड फ्रेम नको.

गच्चीवरची टाकी
हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. ते चार सुट्या विटांच्या थरांवर ठेवलेलं आम्ही रोज पाहतो. आधी टाकीच्या पूर्ण तळाला आधार देणारा पक्का ओटा, मग टाकी जखडणारे पट्टे. ओटाच कलला तर पट्टा काही वाचवत नाही. टाकीजवळचा पाइपचा जोड लवचिक ठेवा.

गॅस
आयएसआय मार्कची सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदला. सिलिंडर साखळीने भिंतीला बांधा.

कॉलम आणि वाडे
२००१ च्या भूकंपात अहमदाबादेत खाली मोकळं पार्किंग असलेल्या अनेक इमारती बसल्या. वर भिंतींमुळे ताठ मजले, खाली नुसते कॉलम. सगळा हिसका त्यांच्यावर. म्हणून शटरसाठी किंवा पाइपसाठी कॉलम तासू देऊ नका. वीट आणि कॉलमच्या सांध्यावरची केसासारखी चीर बहुधा प्लास्टरची असते. कॉलमच्या लांबीने जाणारी, गंजाचे डाग असलेली चीर वेगळी: आतली सळई गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते. त्यावर नुसतं प्लास्टर मारू नका, आम्हालाही तसं करायला सांगू नका. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. पंचवटी, जुन्या नाशकातल्या वाड्यांत लाकडी खांब तळखड्याशी (खांबाखालच्या दगडाशी) कुजतो. तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. सहज आत गेला तर सुताराला दाखवा.

धक्का बसताना
मजबूत टेबलाखाली बसा, डोकं झाका, टेबलाचा पाय धरून ठेवा. हलणं थांबेपर्यंत जिना, लिफ्ट, गॅलरी नको. कठडे आणि कुंड्या आधी पडतात. थांबल्यावर रेग्युलेटर बंद करा. गॅसचा वास येत असेल तर काडी नको, कुठलंही बटण नको, मेन स्विचही नको. दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर पडा. वास नसेल तरच मेन स्विच पाडा. मदतीसाठी ११२. नंतरही छोटे धक्के येऊ शकतात, म्हणून कपाट उघडताना बाजूला उभे राहा.