रोबोट हात हलवतो की हलवायला लावतो?

परवा एका काकांच्या हातात रोबोटिक ग्लोव्ह होता, मूठ उघडतेय, मिटतेय, आणि काका दुसऱ्या हातात मोबाईल धरून व्हिडिओ बघतायत. मुलगा खुशीत, रोज पाचशे वेळा होतं म्हणे. मी विचारलं, यातले काकांनी किती केले? तो गप्प.

इथेच सगळा घोळ आहे आणि मला आता त्याचा खरंच कंटाळा आलाय. स्ट्रोकनंतरची "रोबोटिक थेरपी" म्हणून दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने खपतात.

पहिली तुम्हाला माहितीये. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पाय आपोआप वाकवणारं मशीन असतं ना, त्याचंच हाताचं भावंड. हात बांधा, बटण दाबा, मोटर हलवते. सांधे आखडू नयेत म्हणून ठीक आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे आधी वाट बघणारा रोबोट. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात नेविल होगन आणि हर्मानो इगो क्रेब्स यांनी बनवलेला एमआयटी-मॅनस घ्या, 1990च्या दशकात त्याच्या ट्रायल सुरू झाल्या. हात आधारावर, मुठीत हँडल, स्क्रीनवर मधे एक ठिपका आणि भोवती आठ. पेशंटने मधून बाहेरच्या ठिपक्याकडे जायचं. तो जोर लावतो, हात निम्म्यात अडकतो, मग उरलेलं अंतर रोबोट नेतो, वाकडा गेला तर हळूच रेषेवर आणतो, आणि जसजसं जमायला लागेल तसतशी मदत कमी करत जातो. पेशंटने ढकललं तर हँडल मऊपणे सरकतं, फॅक्टरीतल्या रोबोटसारखं अडून बसत नाही.

एवढी कटकट कशाला? कारण मेंदू शिकतो तो स्वतः हुकूम सोडून, चुकून, दुरुस्त करून. मदत जास्त झाली की शरीर गुपचूप आपला जोर काढून घेतं. दोघांनी कपाट उचलताना समोरचा दणकट असला की आपले हात कसे सैल पडतात, अगदी तसं. संशोधक याला स्लॅकिंग म्हणतात.

आणि त्यातून पुन्हा एकाच मशीनमध्ये दोन्ही मोड असू शकतात! म्हणून नुसतं मशीनचं नाव विचारून उपयोग नाही, मोड विचारा. हातात अजिबात हालचाल नसेल तर सुरुवात पॅसिव्हने, म्हणजे मशीननेच हात हलवण्याने होते, मान्य, पण महिनोन्‌महिने तिथेच?

अंगावर चढवायचा एक्सोस्केलेटन बरा की हँडलवाला, यावर लोक तासभर भांडतात. एक प्रत्येक सांधा धरतो, दुसरा फक्त हाताचं टोक. झालं, एवढंच.

आणि हो, वाट बघणारा रोबोट म्हणजे जादूची कांडी समजू नका. 2019 मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या ब्रिटनच्या रॅटल्स ट्रायलमध्ये 770 पेशंट होते, रोबोट मॅनसच, आणि हाताने कामं करणं नेहमीच्या उपचारांपेक्षा काही सुधारलं नाही. नुसत्या हालचालीचे मार्क तीन महिन्यांनी थोडे जास्त होते, पण कप उचलणं वेगळं. म्हणून रोबोटच्या जोडीला कप, बटणं, दाराची कडी हे सगळं हवंच, ते सोडून फक्त रोबोट घेणाऱ्यांशी माझं पटत नाही.

हाताला थोडी तरी हालचाल असेल तर पुढच्या सेशनला एक फेरी पेशंटला मुद्दाम सैल बसायला सांगा. स्क्रीनवरचा स्कोअर तेवढाच आला तर ते पहिल्याच प्रकारचं, आपोआप हलवणारं मशीन, वर नाव काहीही लिहिलेलं असो.