गरिबीची टक्केवारी आणि सरकणारी रेषा

तुरुंगातल्या कैद्याच्या जेवणाकपड्यावर सरकारचा वर्षाला किती खर्च होतो, हे दादाभाई नौरोजींनी १८७० च्या दशकात शोधलं आणि तो आकडा देशाच्या उत्पन्नाशेजारी ठेवला. १८६७-६८ साली माणशी वार्षिक उत्पन्न त्यांच्या हिशोबाने २० रुपये होतं. गुन्हेगाराला मिळतं तेवढं साऱ्या प्रजेला द्यायचं म्हटलं, तरी हे उत्पन्न जेमतेमच पुरेल, असा त्याचा अर्थ. आपल्या दारिद्र्यरेषेचं मूळ या हिशोबात आहे.

पुढचं मोठं काम पुण्यात झालं. गोखले अर्थशास्त्र संस्थेतले अभ्यासक वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली रोजच्या २२५० कॅलरींची गरज धरून रेषा आखली: १९६०-६१ च्या किमतींना खेड्यात माणशी महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस. खेड्यातले ४० टक्के आणि शहरातले ५० टक्के लोक त्याखाली निघाले. गरिबाला काम द्या, असं ते सांगत होते. त्याच सुमारास १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामं सुरू झाली.

पण नुसत्या कॅलरी मोजल्या की औषधपाणी आणि शाळेचा खर्च हिशोबातून निसटतो, आणि कर्ज तर याच खर्चापायी होतं. सरकारने नेमलेल्या सुरेश तेंडुलकर समितीने २००९ मध्ये हा खर्च धरला, तेव्हा २००४-०५ ची गरिबी २७.५ वरून ३७.२ टक्के झाली. माणसं तीच, माप बदललं. त्याच मापाने १९९३-९४ मध्ये ती ४५.३ होती आणि २०११-१२ मध्ये २१.९ वर आली. ही घट खरी आहे आणि मोठी आहे. मात्र तेव्हाची खेड्यातली रेषा माणशी महिन्याला ८१६ रुपये, म्हणजे दिवसाला सत्तावीस! रंगराजन समितीने २०१४ मध्ये रेषा वर नेली, तर २०११-१२ चीच गरिबी २९.५ टक्के भरली. तो अहवाल सरकारने स्वीकारला नाही.

गरिबीचे हे आकडे घरोघरच्या खर्चाच्या सरकारी पाहणीतून येतात. २०१७-१८ च्या अशा पाहणीचे निकाल सरकारने दर्जाचं कारण देऊन जाहीर केले नाहीत. २०२२-२३ ची पाहणी आली, पण पद्धत बदलून. त्यामुळे तिचे आकडे जुन्यांशी थेट जुळवता येत नाहीत.

या सगळ्या पाहण्यांत मोजला जातो तो खर्च, उत्पन्न नव्हे. उत्पन्न विचारून पाहण्याचे प्रयत्न पूर्वी झाले होते. लोकांनी सांगितलेली मिळकत त्यांच्याच खर्च आणि बचतीपेक्षा कमी भरली, म्हणून ते सोडून द्यावे लागले.