ख्रिस्ती उपासनेतलं संगीत: जुनी गीतं आणि नवं वर्शिप (ठाणे-नवी मुंबई)

चर्चमध्ये रविवारी गायचं काय आणि कुणी, कशाच्या साथीवर, हा वाद जगभरच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये गेली पन्नासेक वर्षं चालू आहे. एका बाजूला पुस्तकातली क्रमांक घातलेली गीतं, सोबत ऑर्गन किंवा आपल्याकडे पेटी-तबला, आणि दुसऱ्या बाजूला गिटार, कीबोर्ड, ड्रमसेट, पडद्यावर सरकणारे शब्द नि माइक धरून उभी असलेली वर्शिप टीम. इंग्रजीत याला चक्क 'वर्शिप वॉर्स' म्हणतात. ठाणे-नवी मुंबईच्या मराठी मंडळ्यांमध्ये तो जरा वेगळा वाजतो, कारण इथे बाजू दोन नाहीत, तीन आहेत: मिशनऱ्यांनी भाषांतर केलेली विलायती चालीची गीतं, ख्रिस्ती झालेले मराठी कवी नारायण वामन टिळक यांच्या वळणाची भजनं-अभंग, आणि यूट्यूबवरून आलेलं हिंदी-इंग्रजी वर्शिप, म्हणजे बँडवर गायची आधुनिक भक्तिगीतं. पहिल्या दोघांना आज सगळे एकाच दमात 'जुनं' म्हणून मोकळे होतात, गोंधळ तिथूनच सुरू होतो.

'जुनं' म्हणजे कुठलं जुनं

मराठीतलं ख्रिस्ती गाणं इंग्रजांच्या आधीचं आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट (एका कॅथलिक संघाचा धर्मगुरू) १५७९ साली गोव्यात आला, आणि त्याचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यातल्या साष्टीत, राचोलला छापलं गेलं, सुमारे ११ हजार ओव्या, त्याही रोमन लिपीत कारण देवनागरीचे खिळे तेव्हा नव्हते. ही साष्टी गोव्याची, ठाण्याची नव्हे, नावसारखेपणामुळे आपल्याकडे लोक हमखास गल्लत करतात. पण महत्त्वाचं हे की बायबलची गोष्ट सांगायला त्याने ओवी घेतली, लॅटिन स्तोत्राचा साचा नाही घेतला.

प्रॉटेस्टंट बाजूला गोष्ट उलटी सुरू झाली. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले, पुढे अहमदनगर (आता अहिल्यानगर) हे त्यांचं मोठं केंद्र झालं, आणि तिथे हेन्री बॅलंटाइनसारख्या मिशनऱ्यांनी इंग्रजी गीतं मराठीत आणली. चाल तीच ठेवायची आणि त्यात मराठी शब्द बसवायचे अशी पद्धत. आता इंग्रजी गाणं चालतं आघातावर आणि मराठी कविता चालते ऱ्हस्व-दीर्घावर, त्यामुळे ऱ्हस्व अक्षर लांब सुरावर ताणलं जातं आणि दीर्घ अक्षर घाईत गिळलं जातं, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला दोन कडवी झाली तरी शब्द कळत नाहीत. मंडळीत लहानपणापासून वाढलेल्यांना हे खटकत नाही, त्यांचे कान तसेच तयार झालेत, आणि त्यांच्यासाठी ती गीतं खरोखर प्राणाहून प्रिय आहेत हेही सांगायला हवं.

मग आले टिळक. जन्म १८६१, बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत, मृत्यू १९१९. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत, आणि गीतंही त्या पुलावरूनच आणली: अभंग, भजन, पद, कीर्तन. ख्रिस्ती कीर्तन नगरच्या मंडळीत त्यांच्या आधीपासून होतं, कृष्णराव सांगळे हे त्यातलं मोठं नाव, पण टिळकांनी त्याला कवितेची उंची दिली. त्यांचं ख्रिस्तायन हे काव्य अपुरं राहिलं ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. 'उपासना संगीत' या मराठी मंडळ्यांच्या गीतपुस्तकात आज भाषांतरित गीतं आणि टिळकांची भजनं शेजारी शेजारी छापलेली असतात, एकच पुस्तक, एकच क्रमांकवारी, म्हणून दोन्ही एकाच घराण्याची वाटतात. तशी ती मुळीच नाहीत. टिळकांचं भजन हे त्या काळचं 'कंटेम्पररी' होतं, उपासनेत टाळ-तबला आणून बसवणारं, आणि मला विचाराल तर आजच्या भांडणात त्यांना ऑर्गनवाल्यांच्या रांगेत उभं करणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

पेटीचंही तेच. आज ती 'आपलं वाद्य' म्हणून गिटारच्या विरोधात पुढे केली जाते, पण हार्मोनियमचं पेटंट १८४० चं, पॅरिसचं, आणि आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला आत घेतलं नव्हतं, भारतीय संगीताला शोभत नाही म्हणून!

ठाण्यातला एक धागा

ठाण्याच्या सेंट जेम्स चर्चचं समर्पण १८२५ मध्ये बिशप रेजिनाल्ड हेबरच्या हातून झालं. हा हेबर कोण, तर 'होली, होली, होली' या गीताचा कवी, जे आज जगातल्या सगळ्यात जास्त गायल्या जाणाऱ्या पारंपरिक गीतांपैकी एक आहे. पण त्याच्या काळात अँग्लिकन (इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या) उपासनेत छंदोबद्ध स्तोत्रसंहिता, म्हणजे बायबलमधलीच स्तोत्रं, गायची रीत होती, स्वतंत्र रचलेली गीतं म्हणजे मेथॉडिस्ट पंथाचा उत्साहीपणा असं वरच्या मंडळींना वाटे. हेबरने आपल्या गीतसंग्रहाला अधिकृत मान्यता मागितली होती, ती मिळाली नाही. तो १८२६ मध्ये त्रिचनापल्लीला वारला आणि संग्रह त्यानंतर १८२७ मध्ये छापला गेला. ज्या चालीवर आपण हे गीत ओळखतो ती जॉन डाइक्सने १८६१ मध्ये बांधली, म्हणजे ठाण्यात आलेल्या हेबरने ती कधी ऐकलीच नाही.

असंच मागे मागे जात राहिलं तर इंग्रज गीतकार आयझॅक वॉट्सने १७०७ मध्ये स्वतःची गीतं छापली तेव्हा बायबलबाहेरचे शब्द चर्चमध्ये कशाला अशी ओरड होतीच, आणि त्याच्याही आधी सुधारक जॉन कॅल्व्हिनच्या परंपरेत स्तोत्रसंहितेपलीकडे काही चालत नव्हतं.

नवं कुठून आलं

१९६० च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियात हिप्पी पोरं चर्चमध्ये यायला लागली, गिटारसकट. कोस्टा मेसाच्या कॅल्व्हरी चॅपलने त्यांना तसंच आत घेतलं आणि १९७१ मध्ये तिथूनच मारानाथा नावाची संगीत कंपनी निघाली. पुढे सिडनीचं हिलसाँग (स्थापना १९८३) आणि मग बाकीचे. गाण्याची बांधणी बदलली: पाच-सहा कडव्यांत एक विचार पुढे नेण्याऐवजी कडवं, कोरस आणि ब्रिज (शेवटाकडे येणारा वेगळ्या चालीचा तुकडा), रेडिओवरच्या पॉप गाण्यासारखं. नवी मुंबईत हे सगळं आधी कॅसेट-सीडीतून आणि मग मोबाइलवरून आलं. शहर सिडकोने १९७० नंतर वसवलेलं, त्यामुळे वाशी, नेरूळ, खारघर, कोपरखैरणेत बऱ्याच स्वतंत्र मंडळ्या भाड्याच्या हॉलमध्ये किंवा कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये सुरू झाल्या, तिथे ना ऑर्गन होता, ना गीतपुस्तकांचं कपाट, ना 'आमच्याकडे असंच असतं' म्हणणारे आजोबा. गिटार खांद्याला लटकवून लोकलने नेता येते हे कारणही कमी समजू नये.

पट्टी, पुनरावृत्ती आणि कोण गातं

नव्या गाण्यांवरचा नेहमीचा आरोप म्हणजे तीच ओळ दहादा घोळवतात, सात शब्द अकरा वेळा, म्हणून 'सेव्हन-इलेव्हन गाणी'. हा आरोप इंग्रजीत ठीक आहे, मराठी माणसाने करू नये. आपलं भजन ध्रुवपदावर उभं आहे, एक ओळ बुवा म्हणणार, टाळकरी ती उचलणार, लय चढत जाणार आणि त्या फिरण्यातच भक्ती. टिळकांच्या भजनातही पहिली ओळ प्रत्येक कडव्यानंतर परत येतेच. दुसरा आरोप, की नवी गाणी सगळी 'मी, मला, माझं', तोही तुकोबा-टिळकांच्या भाषेत टिकत नाही.

खरा फरक पट्टीत आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. जुनी गीतं चार आवाजांत गाण्यासाठी बांधलेली, मुख्य सूर साधारण एका सप्तकात फिरणारा, कुणालाही झेपेल असा. वर्शिपचं रेकॉर्डिंग एका तयार गायकाच्या गळ्यासाठी असतं, पहिलं कडवं खर्जात पुटपुटल्यासारखं आणि ब्रिजला अख्खं सप्तक वर उडी. टीम मूळ पट्टी बदलत नाही (क्लिक ट्रॅक आणि पॅड, म्हणजे लय आणि मागे वाजणारे सूर, आधीच त्या पट्टीत डाउनलोड केलेले असतात), मग पहिल्या कडव्यात पुरुष गप्प, ब्रिजला बायका गप्प, आणि शेवटी गातात ते फक्त माइकवाले. वर आवाज इतका की आपण गातोय की नाही हे शेजारच्यालाही कळत नाही. याउलट जुन्याकडचा दोष असा की गीत क्रमांक सांगितला की पेटीवाले काका काळी दोनमध्ये संथ लयीत सुरू करतात आणि चौथ्या कडव्यापर्यंत लय आणखी बसते. मंडळी गात असते पण पुस्तकात डोकं घालून. दोन्हीकडचे वर्शिप लीडर नि पेटीवाले यांना एकदा जागा बदलून बसवायला हवं.

कॅथलिक बाजू

कॅथलिकांकडे निर्णय वरून येतो म्हणून भांडण कमी दिसतं, नसतं असं नाही. पोप दहावे पायस यांनी १९०३ च्या आदेशात चर्चमध्ये पियानोला मनाई केली होती, ढोल-झांजांसारख्या दणदणाटी वाद्यांनाही. साठ वर्षांनी, १९६३ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेला दार उघडलं आणि स्थानिक संगीतालाही, पण त्याच दस्तऐवजात ग्रेगोरियन गायनाला मानाचं स्थान आणि पाइप ऑर्गनचं कौतुकही ठेवलं, त्यामुळे दोन्ही पक्ष एकाच कागदाचा दाखला देतात. ठाण्यात मासुंदा तलावाजवळचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट हे पोर्तुगीज परंपरेतलं जुनं चर्च, आणि आसपासच्या गावांतले ईस्ट इंडियन लोक (इथले मूळचे कॅथलिक) पिढ्यान् पिढ्या मराठी बोलणारे, पण मिस्सा (कॅथलिक उपासना) मात्र बऱ्याच ठिकाणी इंग्रजीत भरलेली आणि मराठीत विरळ. क्वायरचं गाणं त्याच प्रमाणात.

भाषेचा प्रश्न

इथे मूळ दुखणं आहे. मराठी मंडळीतली पोरं इंग्रजी शाळेत शिकतात, मित्र मल्याळी, तमिळ, तेलुगू, पंजाबी, त्यांची समान भाषा हिंदी-इंग्रजी, म्हणून वर्शिपही त्याच भाषेत. आजी-आजोबांना सूर आवडतो, शब्द परके वाटतात. मग तोडगा म्हणून कुणीतरी इंग्रजी गाण्याचं मराठी करतं, मूळ चाल तशीच ठेवून, आणि पुन्हा तोच ताणलेला ऱ्हस्व, तोच गिळलेला दीर्घ, तेच 'तुझी महिमा' (महिमा मराठीत पुल्लिंगी आहे हो, हिंदीतून येताना लिंग बदलून येतो). बॅलंटाइनच्या काळातली अडचण दीडशे वर्षांनी प्रोजेक्टरवर. कमी पडतंय ते ड्रम किंवा ऑर्गन नाही, आज मराठीत विचार करून लिहिलेली नवी गीतं कमी पडतायत.

आवाज, परवाने, कॉपीराइट

सोसायटीच्या हॉलमध्ये उपासना असेल तर संगीताची शैली पाळकसाहेबांपेक्षा शेजारी जास्त ठरवतात. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. ड्रमसेट ५५ मध्ये बसत नाही, म्हणून बऱ्याच ठिकाणी काहोन (बसून हाताने वाजवायचं लाकडी खोकं) किंवा इलेक्ट्रॉनिक पॅड आले. नाताळच्या आदल्या रात्रीची उघड्यावरची मिस्साही याच कारणाने अनेक चर्चनी लवकरच्या वेळेला घेतली, सवलत मिळाली तर गोष्ट वेगळी.

कॉपीराइटचं लक्षात कुणी घेत नाही. भारतात कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे टिळक केव्हाच मुक्त आहेत, वॉट्स, वेस्लीसारखे जुने इंग्रज गीतकार तर झालेच. नव्या गाण्यांना मालक आहेत आणि उपासना यूट्यूबवर लाइव्ह टाकली की क्लेम येऊ शकतो, मग व्हिडिओचा तेवढा भाग म्यूट. अमेरिकेत यासाठी १९८८ पासून सीसीएलआय नावाची परवाना व्यवस्था आहे, चर्च वर्षाची फी भरतं. आपल्याकडच्या छोट्या मंडळ्यांचा हिशेब बहुधा 'देवाचं गाणं आहे, कोण विचारतंय' इथेच संपतो.

तडजोडी

सर्वात सोपी तडजोड म्हणजे दोन उपासना, सकाळी मराठी पेटीवर, संध्याकाळी इंग्रजी बँडवर. भांडण थांबतं पण मंडळीही दोन होतात, महिला मंडळ आणि तरुण संघ एकमेकांना डिसेंबरच्या कॅरल राउंडलाच भेटतात. दुसरी तडजोड मिश्र उपासना: सुरुवातीला बँड, उपदेशाआधी पुस्तकातलं गीत, प्रभुभोजनाला भजन, ज्यात प्रत्येकाला आपलं न आवडणारं काहीतरी वीस मिनिटं सहन करावं लागतं. तिसरी वाट मला जास्त पटते, जुने शब्द नव्या चालीत. अभंगाचा छंद ठरलेला असल्यामुळे एकाच चालीवर अनेक अभंग बसतात आणि एका अभंगाला अनेक चाली लागतात, इंग्रजी गीतांच्या कॉमन मीटर या ठरलेल्या छंदाचंही असंच, 'अमेझिंग ग्रेस' १७७९ मध्ये छापलं गेलं आणि आजची चाल त्याला १८३५ मध्ये मिळाली. काही तरुण मंडळी टिळकांची भजनं गिटार-काहोनवर घेतात, पेटी बाजूला ठेवत नाहीत. त्यावर 'ही ती चाल नव्हे' अशी हरकत येतेच, पण ती कुठली चाल यावर ज्येष्ठांचंही एकमत नसतं, कारण इथल्या मराठी मंडळ्या नगर, जालना, सोलापूर, पुणे असं कुठून कुठून आलेल्या लोकांच्या, आणि जो तो आपल्या गावच्या चर्चमधली चाल हीच मूळ म्हणून सांगतो.