मॉस्कोच्या ठेक्यावरची वीज

११ मार्च १९९० रोजी लिथुआनियाने सोव्हिएत संघातून स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं. दीड महिनाही उलटला नव्हता, तोच मॉस्कोने त्याचं खनिज तेल तोडलं आणि गॅसचा पुरवठा आवळला. ही दांडगाई साऱ्या जगाला दिसली. विजेच्या तारांमधून चालणारा अंमल मात्र फारसा कुणाच्या डोळ्यांत आला नाही. तो २०२५पर्यंत टिकला.

आपल्या घरात येणारी वीज एकाच दिशेने वाहत नाही. युरोपात ती सेकंदाला ५० वेळा मागे-पुढे होते, म्हणजे तिची वारंवारता ५० हर्ट्झ असते. ही लय वीजकेंद्रांत फिरणाऱ्या अवजड जनित्रांची. दोन ध्रुवांचं जनित्र त्यासाठी मिनिटाला ३,००० फेरे घेतं. एका जाळ्याला जोडलेली अशी सगळी यंत्रं एकाच ठेक्यात फिरतात, मग ती एकमेकांपासून हजार किलोमीटरवर का असेनात. मागणी वाढली की सगळीच किंचित मंदावतात, घटली की वेग घेतात. लय फार ढळली तर यंत्रणा स्वतःला वाचवण्यासाठी जनित्रं तोडते आणि अंधार होतो. म्हणून कुणीतरी सतत ठेका सांभाळत बसावं लागतं.

लिथुआनिया आणि त्याच्यासारखेच सोव्हिएत संघातून बाहेर पडलेले शेजारी लाटव्हिया व एस्टोनिया यांच्यासाठी हे काम मॉस्कोत चाले. २००४ साली तिघेही नाटोत आणि युरोपीय संघात गेले. सैन्य पश्चिमेच्या आघाडीत, कायदे युरोपचे, आणि भिंतीतल्या विजेची लय रशियाची! मे २०२२मध्ये त्यांनी रशियाची वीज विकत घेणं थांबवलं, तरी ठेका तोच राहिला. मला यातलं हेच सगळ्यात विलक्षण वाटतं. शेजाऱ्याने बटण दाबायचीही गरज नव्हती; बटण त्याच्या घरात आहे, एवढी जाणीव पुरे होती.

त्यात इग्नालिनाची भर पडली. हे लिथुआनियाचं अणुवीज केंद्र, चेर्नोबिलच्याच घराण्यातल्या अणुभट्ट्यांचं. युरोपीय संघात यायचं तर ते बंद करा, अशी अट होती. २००९च्या अखेरीस दुसरी अणुभट्टीही थांबली आणि तोवर वीज निर्यात करणाऱ्या देशावर ती बाहेरून आणायची वेळ आली.

मग पश्चिमेकडे तारा टाकून प्रश्न सुटला नसता का? तारा आल्याही. स्वीडनकडून समुद्राखालून केबल आली आणि पोलंडच्या सीमेवरही जोडणी झाली. पण दोन्ही ठिकाणी वीज आधी एकदिश करून मग पुन्हा प्रत्यावर्ती, म्हणजे मागे-पुढे वाहणारी, केली जाई. एकदिश विजेला लय नसते. त्यामुळे वीज हवी तेवढी येई, ठेका मात्र येत नसे.

शिवाय रशियाचा हात सोडायचा तर जडत्वही लागतं. प्रचंड जाळ्यात हजारो टन लोखंड फिरत असतं, एखादं केंद्र अचानक बंद पडलं तरी त्याच्या गतीतली ऊर्जा लय सावरून धरते. छोट्या जाळ्याला हा आधार तोकडा पडतो. म्हणून तिन्ही देशांनी प्रत्येकी तीन सिंक्रोनस कंडेन्सर उभारले. हे यंत्र इंधन जाळत नाही आणि वीजही निर्माण करत नाही. त्याचा जडशीळ गाभा जाळ्याबरोबर नुसता फिरत राहतो, एवढंच. निरुद्योगी वाटणारं हे फिरणं म्हणजे त्या देशांचा विमाच.

८ फेब्रुवारी २०२५ रोजी तिघांनी रशिया आणि बेलारूसकडच्या तारा तोडल्या. सुमारे एक दिवस ते स्वतःच्या बळावर चालले. ९ फेब्रुवारीला पोलंडमार्गे, या वेळी थेट प्रत्यावर्ती जोडणीने, ते युरोपच्या लयीत मिसळले. मधल्या मध्ये कॅलिनिनग्राड हा रशियाचा मुख्य भूमीपासून तुटलेला प्रांत विजेपुरतं बेट झाला. रशियाने तिथे आधीच नवी वीजकेंद्रं बांधून ठेवली होती.

रेल्वेचं काम अजून बाकी आहे. लिथुआनियातले बहुतेक रूळ १,५२० मिलिमीटर अंतराचे, म्हणजे रशियाच्या मापाचे आहेत. युरोपचं माप १,४३५. नव्या मापाचा 'रेल बाल्टिका' मार्ग अजून बांधला जातोय, आणि मॉस्कोहून कॅलिनिनग्राडला जाणाऱ्या गाड्या आजही जुन्या रुळांवरून लिथुआनियाची राजधानी व्हिल्नियस ओलांडतात.