कर्करोग शस्त्रक्रियांचे केंद्रीकरण (मराठवाडा)

कर्करोगाच्या अवघड शस्त्रक्रिया गावोगावच्या रुग्णालयांत विखुरलेल्या न ठेवता, त्या नेहमी करणाऱ्या मोजक्या केंद्रांकडे सोपवण्याची पद्धत. इंग्लंड-वेल्समध्ये १९९५ च्या कॅलमन-हाइन अहवालाने तिला धोरणाचे रूप दिले. अमेरिकेतील मेडिकेअर (ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) रुग्णांच्या २००२ च्या अभ्यासात स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यूप्रमाण अगदी कमी शस्त्रक्रिया होणाऱ्या रुग्णालयांत १६.३ टक्के, तर सर्वाधिक होणाऱ्या रुग्णालयांत ३.८ टक्के आढळले. हा फरक एकट्या सर्जनच्या हाताचा नाही. शस्त्रक्रियेत शिवलेला आतड्याचा जोड गळू लागला की आधी नाडी वाढते, मग पोट फुगते. हे मध्यरात्री ओळखणारी परिचारिका, सीटी स्कॅन, रक्तपेढी आणि अतिदक्षता विभाग जागेवर असावे लागतात.

मराठवाड्यात हे काम मुख्यतः छत्रपती संभाजीनगरच्या आमखास मैदानाजवळील शासकीय कर्करोग रुग्णालयाकडे आहे; त्याला राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा आहे. भूम-परांड्याकडच्या रुग्णांना सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय जवळ पडते. किनवटहून संभाजीनगर मात्र साडेतीनशे किलोमीटरांहून दूर. म्हणून शस्त्रक्रिया आणि उपचाराचा आराखडा केंद्रात, पण ड्रेसिंग, टाके काढणे, रक्ततपासण्या आणि शक्य तेथे केमोथेरपी जिल्ह्यात, अशी वाटणीच येथे टिकते.

सर्वाधिक नुकसान केंद्रात पोहोचण्याआधी होते. अंगावरून पांढरे किंवा लाल जाते म्हणून ‘पिशवी’, म्हणजे गर्भाशय, काढली जाते आणि नंतर गर्भाशयमुखाचा कर्करोग निघतो. साध्या शस्त्रक्रियेत गर्भाशयमुखाच्या बाजूच्या ऊती मागे राहतात. मग बहुधा शेक, म्हणजे रेडिओथेरपी, द्यावा लागतो किंवा अधिक अवघड अशी दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. पिशवी काढण्यापूर्वी स्पेक्युलम तपासणी (उपकरणाने गर्भाशयमुख डोळ्यांनी पाहणे) व पॅप चाचणी (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी), आणि संशयित जागेचा तुकडा तपासणे याला पर्याय नाही. स्तनातील संशयित गाठही आधी कापून काढू नये. जाड सुईने तुकडा घ्यावा.

तुकडा लगेच १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये (ऊती टिकवणारे द्रावण), तुकड्याच्या आकारमानाच्या दहापट द्रवात, रुंद तोंडाच्या बरणीत ठेवावा. सलाईनमध्ये तो कुजतो. स्तनाच्या तुकड्याला फॉर्मॅलिनमध्ये ६ ते ७२ तास मिळावेत. वेळ कमी-जास्त झाल्यास हार्मोन रिसेप्टरचा (गाठ हार्मोनच्या औषधांना दाद देईल का, हे सांगणाऱ्या चाचणीचा) निकाल फसवा येऊ शकतो. रुग्णासोबत अहवालाबरोबर तुकड्याच्या तपासणीच्या काचा (स्लाइड) आणि तुकडा जतन केलेले मेणाचे ब्लॉकही द्यावेत, नाहीतर केंद्रात पुन्हा तुकडा घ्यावा लागतो आणि आठवडे वाया जातात.

तोंडाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर शेक लागणार असेल तर तो सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावा. कुजलेले दात त्याआधी किमान १०–१४ दिवस काढावे लागतात. शेकानंतर काढले तर जबड्याचे हाड सडण्याची भीती असते. त्यामुळे दंतवैद्याची तारीख शस्त्रक्रियेच्या तारखेसोबतच घ्यावी. उपचारासाठीच्या प्रवासात रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री-एसी वर्गात कर्करुग्णाला भाडे माफ असते, सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठीचा फॉर्म रुग्णालयातून भरून घ्यावा लागतो.